लायसन्स 'अप्रूव्हड', तरी तीन राज्यांच्या ऑर्डरी. पैसे पाठवू का?

जर्सीतला_सांगलीकर
मंडळी, दर महिन्याला आईबाबांना एका ॲपवरून पैसे पाठवतो. परवा सहज ॲपच्या तळाशी असलेला एनएमएलएस नंबर (अमेरिकेतल्या राज्यांच्या लायसन्स नोंदणीचा) एनएमएलएसच्या कन्झ्युमर ॲक्सेस साइटवर टाकला, तर 'रेग्युलेटरी ॲक्शन्स'खाली तीन राज्यांच्या कन्सेन्ट ऑर्डरी, म्हणजे नियामकाशी तडजोड करून निघालेले आदेश! बावीस पानी पीडीएफ, पहिली चार पानं नुसती 'व्हेअरॲज'ची प्रस्तावना. दंड झालाय, पण लायसन्स चालू. हे कसं काय? काल पाठवलेले १,२०० डॉलर अजून 'प्रोसेसिंग'मध्येच आहेत, त्यामुळे जास्तच धाकधूक.

उनाड_पक्षी
मी असतो तर आजच ॲप बदललं असतं.

जुना_कम्प्लायन्सवाला
बदलून जाणार कुठे? जानेवारी २०२५ मध्ये कॅश ॲपवाल्या ब्लॉकला ४८ राज्यांच्या नियामकांनी मिळून ८ कोटी डॉलर दंड लावला. त्याच वर्षी जुलैत पैसे पाठवणाऱ्या वाइजला सहा राज्यांनी ४२ लाख डॉलर. दोन्हीकडे तक्रार मनी लाँडरिंग रोखण्याच्या व्यवस्थेतल्या त्रुटींची होती. दुकान कुणाचंच बंद झालं नाही.

अशाच एका कंपनीत मी नऊ वर्षं काढली. कन्सेन्ट ऑर्डर म्हणजे दोन्ही बाजूंनी घासाघीस करून ठरवलेला मजकूर. एका ऑर्डरीत 'फेल्ड टू'च्या जागी जरा मवाळ शब्द यावा म्हणून आमच्या वकिलांनी तीन आठवडे घालवले होते. (शेवटी 'फेल्ड टू'च राहिलं.)

तुम्ही 'व्हेअरॲज' सोडा, थेट 'फाइंडिंग्ज'वर (नेमकं काय चुकलं, त्या भागावर) जा. तिथे 'नेट वर्थ' किंवा 'परमिसिबल इन्व्हेस्टमेंट्स' दिसतंय का बघा. लोकांचे जेवढे पैसे वाटेत असतील, तेवढी रोकड, सरकारी रोखे वगैरे कंपनीने कायम बाळगायचे असतात. त्यात खड्डा असेल तर मात्र त्या ॲपवर एक डॉलरही टाकू नका. राज्याकडे कंपनीचा बॉण्ड (हमीची रक्कम) असतो, पण कंपनी बुडाली की सगळेच त्यावर हक्क सांगतात, वाट्याला किती येईल कोण जाणे.

१,२०० डॉलरचं म्हणाल, तर पावती काढा. पैसे कधी मिळणार ती तारीख त्यावर छापावीच लागते. ती उलटली तर तिथपासून १८० दिवसांत कंपनीकडे 'एरर' नोंदवा, त्यांना ९० दिवसांत छडा लावावा लागतो. हा फेडरल नियम आहे. फुकट रद्द करायची मुदत पैसे भरल्यापासून अर्धा तासच असते, ती गेली.

जर्सीतला_सांगलीकर
दादा, शोधलं. 'ट्रान्झॅक्शन मॉनिटरिंग' (व्यवहारांवर नजर ठेवणं) अकरा वेळा, 'नेट वर्थ' एकदाही नाही. पावतीवर गुरुवारची तारीख आहे. आणि ॲपमध्ये एक नोटिफिकेशन पडलं होतं, जाहिरात समजून मी उडवलेलं: 'पैसे कुठून आले त्याचा पुरावा द्या.' आता सॅलरी स्लिप चढवली.

जुना_कम्प्लायन्सवाला
हां, मग अडकलं ते तिथेच. दंड कंपनीला होतो आणि पुढचं वर्षभर सॅलरी स्लिपा गिऱ्हाईक चढवत बसतं. पुढच्या महिन्यात दोन दिवस आधीच पाठवा.