प्रवासात सापडलेल्या वस्तू विकून सहलीचा खर्च काढणं: हौस की हमाली?

जुनीपेटी (धागाकर्ती)

गेल्या चार वर्षांतल्या तीन सहलींचं विमानाचं तिकीट मी त्याच सहलींत मिळालेल्या जुन्या वस्तू विकून काढलंय. राहणं-खाणं नाही, फक्त तिकीट. हे कुणाला सांगितलं की दोनच प्रतिक्रिया येतात. "मलाही शिकव", नाहीतर "अगं, सुट्टीतही धंदा?" दुसरी जरा लागते, म्हणून हा धागा.

"मिळालेल्या" म्हणजे रस्त्यावर पडलेल्या नव्हेत हं. जुने बाजार, धर्मादाय संस्थांची दुकानं, घर रिकामं करणाऱ्यांनी अंगणात मांडलेली टेबलं. जिथे विकणाऱ्याला ती वस्तू एकदाची जायला हवी असते, तिथल्या. माझा प्रांत चिनी मातीच्या कपबशा आणि थोडीफार शाईची पेनं. बाकी कशाला हात लावत नाही, कारण बाकी काही कळत नाही.

कप उचलला की मी आधी उलटा करते. नक्षी सगळेच बघतात, बूड कुणी बघत नाही. अमेरिकेच्या १८९० च्या मॅकिन्ले टॅरिफ कायद्यामुळे १८९१ पासून तिथे जाणाऱ्या मालावर देशाचं नाव घालावं लागू लागलं. त्यामुळे बुडाखाली 'इंग्लंड' असेल तर कप बहुधा त्यानंतरचा. 'मेड इन इंग्लंड' असेल तर आणखी अलीकडचा, विसाव्या शतकातला. जपानी मालावर १९२१ पर्यंत 'निप्पॉन' चालायचं, पुढे 'जपान' लिहावं लागलं. 'ऑक्युपाइड जपान' दिसलं तर महायुद्धानंतर जपान दोस्तांच्या ताब्यात होता ती मोजकी वर्षं. मग कडेला नखाने टिचकी मारायची. खणखणीत वाजला तर पुढचं बघायचं. बद्द वाजला तर कुठेतरी केसाएवढी चीर आहे, दिसो न दिसो. शेवटी मोबाइलची बॅटरी आतून लावून कप गोल फिरवायचा. सगळं मिळून अर्धा मिनिट.

मागच्या खेपेला ११ वस्तू आणल्या. ७ विकल्या, २ फडताळात पडून आहेत, १ वाटेत फुटली आणि १ विकणार नाही.

माझं म्हणणं इतकंच, की पैशांपेक्षा यात सहलच चांगली होते. प्रसिद्ध ठिकाणी आपण रांगेतले एक असतो. जुन्या बाजारात माणसं आपल्याशी बोलतात, ही बशी कुणाची, घर का विकलं, सगळं सांगतात. बोला.

हिशेबनीस

एक प्राथमिक प्रश्न. "तिकीट निघालं" म्हणजे विक्रीची रक्कम तिकिटाएवढी झाली, की नफा तिकिटाएवढा झाला?

जुनीपेटी

खरेदीची किंमत वजा करूनच सांगतेय. इतकी कच्ची नाही मी.

हिशेबनीस

आणि विकणाऱ्या संकेतस्थळाचं कमिशन? खोका, बबल रॅप, परत आलेला माल? कुरिअरवाले वजन काट्यावरचं धरत नाहीत, आकारमानाचंही काढतात आणि जास्त असेल ते लावतात. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटीमीटरमध्ये, भागिले ५०००, हे बहुतेकांचं सूत्र. तुमच्या कपबशा भरल्या दोन किलोच्या, पण फुटू नयेत म्हणून खोका घेतला ४० बाय ३० बाय २५ चा. झाले सहा किलो. चार किलो हवेचे पैसे.

फडताळातल्या त्या दोन वस्तूही "शिल्लक" म्हणून सोडून देऊ नका. ते अडकलेले पैसे आहेत. आणि तुमचे तास? फोटो काढणं, वर्णन लिहिणं, "शेवटचा भाव काय" विचारून गायब होणाऱ्यांना उत्तरं देणं. त्याचा दर शून्य धरला तर जगात कुठलाही धंदा फायद्यातच दिसेल.

उनाडटप्पू

काका, सुट्टीत तास मोजायचे? मग समुद्राकडे बघत बसण्याचाही दर लावा.

बाकी कशालाही गिऱ्हाईक मिळतं. ईबे हे लिलावाचं संकेतस्थळ १९९५ साली 'ऑक्शनवेब' नावाने सुरू झालं, तेव्हा संस्थापक पियर ओमिड्यारने तिथे पहिली वस्तू विकली ती बिघडलेला लेझर पॉइंटर. १४.८३ डॉलरला गेला! बिघडलेला आहे हे कळलंय ना, असं त्याने विचारलं, तर घेणारा म्हणे मी बिघडलेलेच जमवतो.

हिशेबनीस

एकाला एक गिऱ्हाईक मिळालं याला बाजार म्हणत नाहीत. नवखे विक्रेते लोकांनी *मागितलेल्या* किमती बघून माल उचलतात. मागायला काय, कुणी काहीही मागतं. 'विकले गेलेले' हा पर्याय निवडून खरोखर कितीला गेलं ते बघा, निम्मा उत्साह तिथेच मावळतो.

बाहेरची_बॅग

मी या छंदाची बळी आहे, तेव्हा मलाही बोलू द्या.

आमचे हे जुन्या कॅमेऱ्यांच्या लेन्स घेतात. लग्नाला दहा वर्षं झाली म्हणून सहलीला गेलो होतो. पहाटे पाचला गजर. सूर्योदय बघायला नाही, तर बाजारात माल गाडीतून उतरत असताना पोचायचं, कारण "चांगलं ते पहिल्या तासात जातं". अंधारात बॅटरी घेऊन हे लेन्समध्ये बुरशी शोधतायत आणि मी बाजूला पिशवी धरून उभी. जे संग्रहालय बघायला मी वर्षभर थांबले होते, तिथे पोचलो ते दार बंद व्हायला चाळीस मिनिटं असताना.

परतताना माझे स्वेटर लेन्सना गुंडाळलेले आणि मी त्याच कुर्त्यात दुसरा दिवस. त्या लेन्समधून किती मिळाले हे मी कधी विचारलं नाही, विचारणारही नाही. पण खर्च माझ्या सहलीतून निघाला, एवढं नक्की.

उनाडटप्पू

दंडवत 😂

जुनीपेटी

बाहेरची_बॅग, तुमच्या यजमानांच्या वतीने माफी मागते. मी एकटीच फिरते, हा मोठा फरक आहे. सोबत कुणी असेल तर एक सकाळ बाजाराला, बाकी दिवस त्यांचे, असं आधीच ठरवायला हवं.

बाहेरची_बॅग

ठरवलं होतं हो. "एक सकाळ" म्हणजे दर शहरात एक, असा त्यांचा अर्थ निघाला.

वाळूचे_कण

मला तर खरेदीचाही खर्च नाही! किनाऱ्यावरचे शंख, गोटे, लाटांनी घासलेली काच, वाहून आलेली लाकडं. घरी आणून फ्रेम करते, चांगली जातात. निसर्गाने फुकट दिलेलं, कुणाचं नुकसान नाही.

खडा_पहारा

ताई, थांबा. निसर्गाने दिलं असेल, पण राखणदार कायदा आहे. इटलीतल्या सार्डिनिया बेटावर वाळू, गोटे, शिंपले नेण्यावर बंदी आहे. २०१७ च्या कायद्याप्रमाणे दंड ५०० ते ३००० युरो. २०१९ मध्ये एक फ्रेंच जोडपं १४ प्लॅस्टिकच्या बाटल्यांत ४० किलो वाळू घेऊन निघालं होतं, बंदरावर सापडलं. आठवण म्हणून नेतोय, असं त्यांचं म्हणणं.

शंखांचंही तेच. क्वीन कॉंच हा मोठा गुलाबी शंख १९९२ पासून साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात, म्हणजे परवान्याविना व्यापार करता न येणाऱ्यांत आहे. (साइट्स म्हणजे धोक्यातल्या प्राण्या-वनस्पतींच्या व्यापारावरचा १९७३ चा आंतरराष्ट्रीय करार.) माणशी तीन शंखांपर्यंत त्यात सवलत आहे, ती स्वतःसाठी नेलेल्या सामानापुरती. विकायला नेलात की सवलत संपली. काचेचे तुकडे तेवढे बहुतेक ठिकाणी चालून जातील, तेही तिथला फलक वाचून.

आता धागाकर्तीला विचारतो. विमानतळावर त्या ११ वस्तू सीमाशुल्कासाठी जाहीर केल्या होत्या का?

जुनीपेटी

कपबशा आहेत हो, सोनं नाही. दोन-चार जुने कप कोण विचारतं? शिवाय करमुक्त मर्यादा असतेच की.

खडा_पहारा

तिथेच बहुतेकांची गफलत होते. मर्यादा *किती* आहे ते सगळे बघतात, *कशासाठी* आहे ते नाही. युरोपीय संघात बाहेरून विमानाने येणाऱ्याला ४३० युरोपर्यंत सूट आहे, अमेरिकेत परतणाऱ्या रहिवाशाला सर्वसाधारणपणे ८०० डॉलर. दोन्हीकडे सूट आहे ती स्वतःच्या, घरच्यांच्या वापराला किंवा भेट द्यायला आणलेल्या सामानाला. विकायच्या इराद्याने आणलेला एक कपसुद्धा त्यात बसत नाही. कुणी विचारलं नाही म्हणजे नियम नव्हता, असं होत नाही.

पर्यटकांना निघताना मिळणारा कराचा परतावाही अशाच सामानासाठी असतो. तो घेऊन वर माल विकायचा आणि "बघा कसा फायदा झाला" म्हणायचं, हा फायदा नव्हे.

आणि घरी बसून विकणंही आता दिसतं. युरोपीय संघातल्या विक्रीच्या संकेतस्थळांना २०२३ पासून विक्रेत्यांची माहिती करखात्याला द्यावी लागते. वर्षाला ३० पेक्षा कमी विक्री आणि एकूण २००० युरोच्या आत, एवढे छोटे विक्रेते तेवढे वगळलेत.

जुनी नाणी, मूर्तीचे तुकडे, हस्तलिखितं यांच्या वाटेला तर जाऊच नका. सांस्कृतिक वस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्ध युनेस्कोचा १९७० चा करार आहे आणि देशोदेशींचे स्वतःचे कायदे त्याहून कडक असू शकतात. तिथे नुसत्या दंडावर सुटका होईलच असं नाही.

पिंपळपान

कायदा राहू द्या बाजूला. मला वेगळंच खुपतंय.

समोर म्हातारी बसलीय, नवऱ्याची पेनं विकतेय. तिला त्यातल्या एकाची किंमत माहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. तुम्ही चेहरा कोरा ठेवून तिने सांगितलेले पैसे देता आणि घरी येऊन वीसपट घेता. याला कुणी "नजर" म्हणतं. मला ते तिच्या न कळण्यावर पैसे कमावणं वाटतं. धर्मादाय दुकानांतही तेच. ज्याला खरंच स्वस्तात कप हवाय त्याच्या आधी तुम्ही पोचता.

उनाडटप्पू

पण तिने भाव सांगितला, तिला तो चालला म्हणूनच ना? जुन्या वस्तूंचे सगळे व्यापारी हेच करतात. पॅरिसच्या सेंट-वांचा बाजार एकोणिसाव्या शतकापासून यावरच उभा आहे, चिंध्या नि भंगार वेचणाऱ्यांनी सुरू केलेला.

पिंपळपान

व्यापारी व्यापाऱ्याकडून घेतो तेव्हा दोघांनाही खेळ माहीत असतो. टेबल मांडून बसलेली म्हातारी व्यापारी नाही.

जुनीपेटी

न कळणं एकाच बाजूला असतं असं नाही हो. मी एकदा सहा चमचे चांदीचे समजून घेतले. नक्षी सुरेख, वजन छान, मागे बारीक अक्षरं. घाईत वाचली नाहीत. खोलीवर येऊन भिंगाखाली बघितलं तर 'ई.पी.एन.एस.' म्हणजे निकेल सिल्व्हरवर चांदीचा मुलामा. आणि निकेल सिल्व्हरमध्ये चांदी फक्त नावात. असतं तांबं, जस्त नि निकेल. अस्सल चांदीवरचा ९२५ चा आकडा शोधायचं साधं काम केलं नाही. विकणारा गालात का हसत होता ते तेव्हा कळलं. मी परत गेले नाही भांडायला.

पण म्हातारीचं म्हणणं पटतंय. एक नियम पाळते: घरगुती टेबलावर घासाघीस करत नाही. आणि पेन खरंच मोठं निघालं तर सांगते, "हे जाणकाराला दाखवा." दोनदा सांगितलंय.

पिंपळपान

आणि किती वेळा नाही सांगितलं?

जुनीपेटी

…दोनपेक्षा जास्त वेळा.

हिशेबनीस

उत्तर प्रामाणिक आहे. आता हिशेबही तसाच मांडा. कमिशन, खोके, कुरिअर आणि खडा_पहारा म्हणतात ते शुल्क धरून तीनही सहली.

जुनीपेटी

दोन दिवस लागले, पण मांडला. जुन्या पावत्या शोधल्या, काही मिळाल्या नाहीत तिथे अंदाज जास्तीचाच धरला. पहिल्या दोन सहलींत मी काही जाहीर केलं नव्हतं, माहीतच नव्हतं. ते शुल्क भरायला हवं होतं असं धरून:

पहिल्या सहलीचं तिकीट निघालं. एका पेनाच्या जोरावर, खरं सांगायचं तर. दुसऱ्या सहलीचं निम्मं. तिसऱ्या, म्हणजे ११ वस्तूंच्या सहलीत, मी थोडी तोट्यातच आहे. फुटली ती किटली सगळ्यात महाग होती आणि मी ती हिशेबात धरलीच नव्हती. "फुटली ती गेली" म्हणून.

म्हणजे धाग्यातलं पहिलंच वाक्य चुकीचं आहे. तसंच ठेवते, नाहीतर खालचे प्रतिसाद कळणार नाहीत.

हिशेबनीस

तास अजून धरलेले नाहीत. पण नको, राहू द्या.

उनाडटप्पू

काका विरघळले! 🙏

खडा_पहारा

पुढच्या वेळी विमानतळावर माल जाहीर करायच्या लाल मार्गाने जा आणि पावत्या हातात ठेवा. जुन्या बाजारात पावती मिळत नसेल तर विक्रेत्याकडून कागदावर वस्तू, रक्कम, तारीख लिहून घ्या. निदान दाखवायला काहीतरी राहील.

वाळूचे_कण

माझ्याकडे दोन गुलाबी शंख आहेत. विकणार नाही आता. घाबरवलंत.

बाहेरची_बॅग

जुनीपेटी, हिशेबाचं ऐकून आमच्या ह्यांना धागा वाचायला दिलाय. तिसऱ्या सहलीपर्यंत वाचून गप्प बसलेत. पण मला एकच विचारायचंय, ती न विकलेली अकरावी वस्तू कुठली?

जुनीपेटी

एक कप. बशीसुद्धा नाही त्याला. निळी वेल, आणि मधून आडवा तडकलेला. कुणीतरी दोन्ही अर्ध्यांना बारीक भोकं पाडून तारेचे पाच टाके घातलेत. गोंद चांगले नव्हते तेव्हा असंच सांधायचे. टिचकी मारली तर लाकडासारखा वाजतो. घेणारा कुणी मिळणार नाही हे घेतानाच कळत होतं.

चहा गळत नाही त्यातून. रोज पिते.