हर्बल काळी मेंदी? पुडी उलटून बघा
इथल्या चर्चेत शाम्पूतल्या सल्फेटवर (फेस आणणाऱ्या रसायनावर) सगळ्यांनी झोड उठवून झाली, आणि त्यातच एका ताईंनी लिहिलंय, "म्हणून मी आता डायही सोडला, हर्बल काळी मेंदी लावते." सल्फेटनं फार तर केस रखरखीत होतील, टाळू खाजेल. मला काळजी वाटते ती त्या मेंदीची. मेंदीच्या पानातलं लॉसोन केशरी-तांबडाच रंग देतं. लोखंडी कढईत रात्रभर भिजवा, चहाचं पाणी घाला, फार तर तपकिरी झाक येईल. नुसती पुडी पाण्यात कालवून अर्ध्या तासात केस काळेभोर झाले, तर त्यात पीपीडी, म्हणजे पॅराफिनिलीनडायअमीन हे केसांच्या डायमधलं रसायन, असण्याची दाट शक्यता. मागे बारीक अक्षरांत सापडू शकेल, भिंग घ्या हवं तर. (निळीच्या पानांनीही काळा येतो, पण त्याला वेळ लागतो आणि सहसा मेंदीनंतर वेगळा थर द्यावा लागतो.) युरोपात डोक्याला लावताना पीपीडी २ टक्क्यांच्या वर चालत नाही. पीपीडीची अ‍ॅलर्जी पहिल्याच वेळी होईल असं नाही. वर्षानुवर्षं लावणाऱ्यांनाही अचानक उठते. कानामागे, कपाळावर पुरळ, पापण्या सुजून डोळे बंद. कोपराच्या आत टिकलीएवढं लावून ४८ तास थांबा, दर वेळी. ऐन लग्नाच्या आदल्या दिवशी तर नवी पुडी फोडूच नका.