२०० आला म्हणजे कमेंट गेली असं नाही
पान रीलोड न करता 'फेच' या जावास्क्रिप्ट फंक्शनने ब्लॉगवर कमेंट पाठवताना, सर्व्हरच्या उत्तराचा स्टेटस कोड (निकाल सांगणारा आकडा) २०० म्हणजे 'ठीक' असेल तर कमेंट पोचली असं धरा, असा सल्ला दिला जातो. तो वर्डप्रेसवर फसतो. मजकूर रिकामा असेल किंवा सक्तीचं नाव-ईमेल राहिलं असेल, तर वर्डप्रेस एररचं पानसुद्धा २०० नेच पाठवतं. (तीच कमेंट पुन्हा आली तर ४०९ आणि फार भराभर आल्या तर ४२९, हे मात्र नीट येतात.) कमेंट स्वीकारली की ३०२ (म्हणजे 'दुसऱ्या पानावर जा') येतो आणि फेच आपोआप पुढच्या पानावर जातं. म्हणून फेचला मिळालेल्या रिस्पॉन्समधलं 'रिडायरेक्टेड' (दुसऱ्या पानावर वळवलं का ते सांगणारं) ट्रू आहे का ते तपासा. कोडपेक्षा ते कितीतरी भरवशाचं.

शिवाय कुणाच्या कमेंटला उत्तर दिल्यानंतर, तिच्याखाली सरकलेला फॉर्म मूळ जागी आणून 'कमेंट पेरेंट' (कोणत्या कमेंटला उत्तर आहे ते सांगणारं) हे लपलेलं फील्ड ० करायला विसरू नका. रीलोड नसल्यामुळे ते जुनीच किंमत धरून ठेवतं आणि पुढची स्वतंत्र कमेंट त्याच जुन्या कमेंटखाली उत्तर म्हणून जाऊन बसते.