९६ तास मासा जगला, म्हणजे नदी वाचली?

नदीकाठचा:
कारखान्याचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी नदीत सोडायचं तर नियम असा, की त्या निव्वळ, विरळ न केलेल्या पाण्यात ९६ तास ठेवलेले ९० टक्के मासे जगले पाहिजेत. ही कसोटी मोडीत काढा. चार दिवसांत मारतं ते ढोबळ विष. ऑन्टारिओतल्या एका तळ्यात संशोधकांनी २००१पासून तीन उन्हाळे गर्भनिरोधक गोळीतलं इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक सोडलं, लिटरमागे जेमतेम ५-६ नॅनोग्रॅम. नरांच्या वृषणांत अंडपेशी दिसू लागल्या, फॅटहेड मिनो हा छोटा मासा तिथून जवळजवळ संपला. कापड धुण्याच्या रसायनांतून तयार होणारं नोनिलफिनॉल ताकदीनं कमी, पण वाट तीच, इस्ट्रोजेनची नक्कल. टाकीत हे दिसणार कसं?

ईटीपीवाला:
मोडीत काढली तर उरेल काय? नुसती आकड्यांची यादी. आमच्या ईटीपीत, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्रात, एकदा फिनॉल लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या आत, सायनाइड ०.२च्या आत, सेंद्रिय घाणीचं माप असलेला सीओडीही ठीक. तरी दुपारपर्यंत मासे उलटे झाले. शोधता शोधता कळलं, कूलिंग टॉवरला नवं जंतुनाशक घातलं होतं. ते यादीत नव्हतंच. दहा रसायनं एकत्र येऊन काय करतात हे मासाच सांगतो.

नदीकाठचा:
पण तुमचा मासा पास झाला की साहेबांची सही होते आणि पुढचं कुणी विचारत नाही.

बीजकेंद्रवाली:
दोघेही सामू (पीएच) विसरलात. अमोनियाचा विषारी भाग म्हणजे मुक्त अमोनिया. २५ अंशांना सामू ७ असेल तर तो एकूण अमोनियाच्या अर्धा टक्का, ८ला पाचेक टक्के, ९ला एक तृतीयांशाहून जास्त. शेवाळलेल्या पाण्याचा सामू दुपारी चढतो. म्हणजे सकाळी निरुपद्रवी असलेलं तेच पाणी दोन वाजता बोटुकल्या, म्हणजे माशांची बोटभर पिल्लं, मारतं. आम्ही मत्स्यबीज केंद्राच्या तळ्यात मुक्त अमोनिया लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅमवर जाऊ देत नाही. सांडपाण्याला मात्र ५ची मुभा! नदीला धार असते तेव्हा चालून जातं. एप्रिल-मेमध्ये पात्रात वाहतं तेच मुळी सांडपाणी असतं, तिथे विरळ कशात होणार?

जिवंत_प्रश्न:
आणि जिवंत मासे मारायचेच का? झेब्राफिशच्या गर्भावरची ९६ तासांची चाचणी २०१३पासून ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या प्रमाणित चाचण्यांच्या यादीत आहे.

ईटीपीवाला:
गर्भाची चाचणी मला मान्य, फक्त गावोगावच्या लॅबला ती जमायला हवी. ताई, उन्हाळ्याचा मुद्दाही पटला. मे महिन्यात मर्यादा वेगळी हवी. पण माशाची टाकी मी काढू देणार नाही. त्या जंतुनाशकाचं नाव आजही कुठल्या तक्त्यात नाही.

नदीकाठचा:
मग टाकीतलं पाणी तुमच्या सांडपाण्याच्या नळावरचं नको. मे महिन्यात, दुपारी दोनला, बंधाऱ्याखालून भरा.