मदत हवी आहे: थॅलेसेमिया असलेल्या भावाचे पथ्य उपासमारीवर गेले आहे

नमस्कार. आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. माझ्या २६ वर्षांच्या धाकट्या भावाला थॅलेसेमिया मेजर हा आनुवंशिक रक्तविकार आहे. त्याला दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावे लागते आणि त्यातून साठणारे लोह उतरवण्यासाठी डेफेरासिरॉक्सची गोळी रोज चालू आहे. उपचारांबाबत तो काटेकोर आहे. प्रश्न जेवणाचा आहे.

लोह वाढू नये म्हणून त्याने आधी कलेजी आणि पालक सोडला, ते समजण्यासारखे होते. पुढे बाजरीची भाकरी, मटकी, अंडी असे एकेक करत ताटात भाताच्या चार घासांपलीकडे फारसे काही उरले नाही. गोळी उपाशीपोटी घेऊन अर्ध्या तासाने खायचे असे सांगितलेले असताना तो न्याहारी दुपारवर ढकलतो. रक्ताच्या एका पिशवीतून सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जाते, त्यापुढे जेवणातून शोषले जाणारे लोह किरकोळ असते आणि जेवणासोबत चहा घेतला तर तेही घटते, हे डॉक्टरांनी त्याला समोर बसवून सांगितले. घरी आल्यावर त्याने चहा तेवढा घेतला, भाकरीला हात लावला नाही.

माझ्या मते लोह हे निमित्त आहे. त्याची उंची पाच फुटांच्या आत राहिली आहे, गालांची हाडे वर आली आहेत आणि पाणथरी (प्लीहा) वाढल्याने पोट पुढे दिसते. एका लग्नात कोणीतरी त्याला “कितवीत आहेस रे बाळा?” असे विचारले, तेव्हापासून पोट आत घ्यायचे त्याने फारच मनावर घेतले आहे. हे पोट चरबीचे नाही, त्यामुळे उपाशी राहून ते कमी होणार नाही. उलट या आजारात हाडे आधीच ठिसूळ होत असतात. मित्रांसोबत रविवारची मिसळही त्याने बंद केली आहे. आई ताट घेऊन मागे लागते आणि मग दोघांचा अबोला सुरू होतो.

रक्तविकारतज्ज्ञ हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातील लोहसाठ्याचे माप) पाहतात, आहारतज्ज्ञ वजन वाढवायला सांगतात, पण आरशात पाहून त्याला काय वाटते हे कोणी विचारत नाही. ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मी स्वतः बोलण्याचा विचार करते आहे, कारण तो फोन करायला तयार नाही.

दीर्घ आजाराच्या प्रौढ रुग्णांसोबत काम केलेले समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ नाशिकमध्ये कोणाला माहीत आहेत का? स्वतः थॅलेसेमियासह मोठे झालेले कोणी येथे असल्यास, घरच्यांनी जेवणाचा विषय कसा काढलेला आपल्याला चालला असता, तेही कृपया लिहावे. बीट-डाळिंबाचा रस मात्र कोणी सुचवू नये, तो सल्ला आम्हाला प्रत्येक समारंभात मिळतो.