‘लुकिंग फॉरवर्ड टू’च्या पुढे ‘मीट’ की ‘मीटिंग’?

प्रश्न
नमस्कार. कार्यालयीन पत्रांच्या शेवटी मी अनेक वर्षे ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’ असे लिहीत आलो आहे. गेल्या आठवड्यात वरिष्ठांनी ‘मीट’ खोडून त्या जागी ‘मीटिंग’ केले. ‘टू’नंतर क्रियापदाचे मूळ रूप येते असे शाळेत शिकलो होतो आणि ‘आय वॉन्ट टू मीट यू’ हे तर निश्चितच बरोबर आहे. मग येथेच ‘इंग’ का? नियम पाठ करण्यापेक्षा त्यामागचे कारण समजून घेण्याची इच्छा आहे.

प्रतिसाद १
आपल्या वरिष्ठांची दुरुस्ती योग्य आहे. इंग्रजीत दिसायला सारखे, पण काम निराळे असे दोन ‘टू’ आहेत. ‘वॉन्ट टू मीट’मधला ‘टू’ क्रियापदाच्या मूळ रूपाशी जोडलेला असतो. ‘लुक फॉरवर्ड टू’मधला ‘टू’ मात्र शब्दयोगी अव्यय आहे आणि त्याच्यापुढे नाम किंवा नामाचे काम करणारे रूपच येते. मराठीतही ‘उत्तर मिळण्याची वाट पाहतो’ असे लिहिताना आपण ‘ची’ हा प्रत्यय ‘मिळणे’ या धातुसाधित नामाला लावतो, नुसत्या ‘मिळ’ या धातूला नव्हे. माझ्या मते आपला गोंधळ ‘भेटायला उत्सुक आहे’ या वाक्यामुळे होतो, कारण त्याचे इंग्रजी ‘ईगर टू मीट’ असे होते आणि तेथे मूळ रूपच बरोबर असते.

शंका आल्यास ‘टू’नंतर एखादे नाम ठेवून पाहावे. ‘आय लुक फॉरवर्ड टू द ट्रिप’ हे वाक्य जुळते, ‘आय वॉन्ट टू द ट्रिप’ जुळत नाही. ‘ऑब्जेक्ट टू’ आणि ‘विथ अ व्ह्यू टू’ यांनाही हीच कसोटी लागू पडते. ‘यूज्ड टू’च्या बाबतीत तर अर्थच पालटतो: ‘आय यूज्ड टू वर्क ॲट नाइट’ म्हणजे पूर्वी रात्री काम करीत असे, तर ‘आय ॲम यूज्ड टू वर्किंग ॲट नाइट’ म्हणजे रात्री काम करण्याची सवय आहे.

प्रतिसाद २
वरील विवेचनाशी सहमत आहे. औपचारिक पत्रात ‘आय लुक फॉरवर्ड टू’ अधिक शोभते. ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू’ त्या मानाने घरगुती वाटते. ‘टू’ऐवजी ‘फॉर’ मात्र कधीही लिहू नये.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. वाट पाहणारे आम्ही आणि येणारे पाहुणे, असे असेल तर ‘यू’ लिहावे की ‘युअर’?

प्रतिसाद १
‘वी लुक फॉरवर्ड टू युअर जॉइनिंग अस’ हे अधिक औपचारिक आहे. ‘यू जॉइनिंग अस’ हेही सर्रास लिहिले जाते आणि त्याला चूक म्हणता येणार नाही. निमंत्रणपत्रात मी ‘युअर’ ठेवीन. मात्र या प्रयोगात आनंदाने वाट पाहण्याचा भाव असल्यामुळे सांत्वनपर पत्रात तो टाळावा, तेथे ‘आय होप टू सी यू सून’ असे साधे वाक्य पुरेसे आहे.