'क्युअरिंग'ला एकच मराठी शब्द चालेल का? रबर, काँक्रीट आणि मधलं लेटेक्स

तर्जुमा:
काँक्रीटच्या दुरुस्तीवरची एक पुस्तिका मराठीत आणायची आहे. तिच्यात 'क्युअरिंग' (माल पक्का व्हावा म्हणून करायची प्रक्रिया) तीन ठिकाणी येतं: साध्या सिमेंट काँक्रीटसाठी, पुलाच्या गर्डरखाली बसणाऱ्या रबरी बेअरिंगसाठी, आणि स्टायरीन-ब्युटाडाईन लेटेक्स (पाण्यात तरंगणारे कृत्रिम रबराचे कण) घातलेल्या मॉर्टरसाठी. तपासनिसांचा आग्रह असा की पुस्तकभर एका संज्ञेला एकच प्रतिशब्द हवा. 'पाणी मारणे' पहिल्या ठिकाणी चपखल बसतं. पण तिसऱ्या प्रकरणात सूचना आहे की आधी दमट क्युअरिंग करा, मग कोरडं. आता कोरडं पाणी कसं मारायचं? सुचवा.

स्लॅबखाली:
काँक्रीटला 'पाणी मारणे'च ठेवा. गवंड्यापासून इंजिनिअरपर्यंत सगळ्यांना कळतं. गोणपाट ओलं ठेवा, वाफे करून पाणी साठवा, पाइपने मारा, सगळं त्यात आलं. बाकीच्या दोन प्रकरणांत काय म्हणायचं ते रबरवाल्यांनी ठरवावं.

शब्दखोड:
'पाणी मारणे' ही कृती झाली, प्रक्रियेचं नाव नव्हे. क्युअरचं मूळ लॅटिन 'कूरा', म्हणजे काळजी, निगा. 'परिपक्वन' घ्या. रबर पक्व होतं, काँक्रीट पक्व होतं, लेटेक्सही होतं. एकच शब्द तिन्हीकडे, तपासनीसही खूश.

पाझर:
'पाणी मारणे' काँक्रीटलाही पुरत नाही. ओल्या पृष्ठभागावरची चकाकी गेली की मेणाचा किंवा रेझिनचा थर फवारतात. त्यात वरून पाण्याचा थेंबही पडत नाही, तरी ते क्युअरिंगच. काम एकच: आतलं पाणी बाहेर जाऊ न देणं. काँक्रीटच्या छिद्रांतली सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या खाली उतरली की सिमेंटचं जलसंयोजन, म्हणजे पाण्याशी होणारी रासायनिक क्रिया, जवळजवळ थांबतं. ते आधी थांबतं वरच्या दोन-तीन सेंटिमीटरमध्ये, म्हणजे नेमकं सळईवरच्या काँक्रीटच्या आवरणात. गाभ्याचं बळ ठीक येतं, बळाच्या चाचणीचा ठोकळा (क्यूब) पास होतो, आणि आवरण मात्र भुसभुशीत राहतं. मजबुती आणि टिकाऊपणा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे सांगणारा शब्द निवडा. 'ओल राखणे' कसं वाटतं?

दोनरोलर:
'परिपक्वन' रबराला लावू नका. पक्व होणं आपोआप, सावकाश होतं. इथे घड्याळ लावून, दाबाखाली, साच्यात काम चालतं. नैसर्गिक रबराचा साधा नुस्का घ्या. रबर १०० भाग, झिंक ऑक्साइड ५, स्टिअरिक आम्ल २, कार्बन ब्लॅक (काजळी) ५०, गंधक २.५, प्रवेगक (क्रियेचा वेग वाढवणारं द्रव्य) ०.६ ते १. (सगळे भाग १०० भाग रबराच्या वजनावर, एकूण मिश्रणावर नाही. अनुवादात हे हमखास 'टक्के' होतं आणि नुस्का बिघडतो.) दोन रोलरच्या मिलवर आधी रबर मळून मऊ करायचं, मग ऑक्साइड आणि काजळी, आणि गंधक-प्रवेगक अगदी शेवटी, रोलर थंड ठेवून. क्रम उलटा केला तर मिलवरच रबराच्या साखळ्यांमध्ये गंधकाचे पूल बांधायला लागतात, माल करपतो, आणि मग साच्यात वाहतच नाही.

पुढे १५० अंश सेल्सिअसला साधारण १० ते २० मिनिटं. नेमका वेळ ऱ्हिओमीटरच्या (तापतं रबर पिळायला किती जोर लागतो ते मोजणारं यंत्र) आलेखावरून काढायचा: टॉर्कची, म्हणजे त्या जोराची, वाढ ९० टक्क्यांना पोचते ती वेळ. तापमान १० अंशांनी वाढवलं की वेग ढोबळमानाने दुप्पट. पण बेअरिंगसारखी जाड वस्तू असेल तर मधल्या थरापर्यंत उष्णता पोचायलाच वेळ लागतो. नमुन्याची वेळ तशीच्या तशी लावली तर बाहेरून तयार आणि आत कच्चं, साचा उघडल्याबरोबर मध्ये फुगतं. उलट जास्त वेळ ठेवलं तर नैसर्गिक रबर पुन्हा मऊ पडतं, कारण गंधकाचे लांब पूल तुटतात.

म्हणजे रबराला 'कच्चं', 'बरोबर' आणि 'जास्त' अशा तीन अवस्था आहेत. काँक्रीटला पाणी जास्त दिवस मारलं म्हणून ते बिघडत नाही. एकच शब्द दोन्हीकडे घातलात तर वाचणारा यातली एक गोष्ट तरी चुकीची समजेल. रबराला 'व्हल्कनीकरण' रुळलेलं आहे.

शब्दखोड:
आणि तो 'व्हल्कन' कोण? रोमनांचा अग्निदेव. संस्कृत 'उल्का'शी त्याचा सांधा जुळतो असं मांडलं गेलेलं आहे. तेव्हा परकं नाव उसनं घेण्यापेक्षा आपल्या मुळाकडे जाऊन 'उल्कन' का नको? किंवा सरळ 'गंधकन'.

अवग्रह:
उल्केचा सांधा ध्वनिसाम्यावर उभा आहे. व्हल्कनचं नाव लॅटिनमध्येही उपरंच मानतात. कोणी क्रीटच्या 'वेल्खानोस'कडे बोट दाखवतं, कोणी एट्रुस्कन भाषेकडे. त्यावर मराठी संज्ञा उभी करू नका.

शिवाय हा शब्द देवळातून नव्हे, पेटंटच्या भांडणातून आलेला आहे. चार्ल्स गुडइयरला गंधक आणि उष्णतेचा परिणाम १८३९मध्ये सापडला, अमेरिकी पेटंट मिळालं १८४४मध्ये. मधल्या काळात इंग्लंडात टॉमस हॅनकॉकने १८४३मध्ये अर्ज टाकला. 'व्हल्कनायझेशन' हे नाव सुचवलं हॅनकॉकच्या ओळखीतल्या विल्यम ब्रॉकेडनने. गुडइयरच्या पेटंटात हा शब्दच नाही. तिथे आहे २५ भाग रबर, ५ भाग गंधक, ७ भाग पांढरं शिसं. म्हणजे १०० भाग रबराला २० भाग गंधक. आज एवढं गंधक पाहून कोणीही म्हणेल की तुम्ही मऊ रबर सोडून एबोनाइटच्या (कडक रबराच्या) वाटेला लागलात.

आणि अग्नीचंच म्हणाल तर १८४६मध्ये अलेक्झांडर पार्क्सने सल्फर क्लोराइडच्या द्रावणात बुडवून, आच न देता तेच साधलं. त्याला काय 'थंड उल्कन' म्हणणार?

दोनरोलर:
'गंधकन'ही टिकणार नाही. बेअरिंग बहुतेकदा निओप्रीन या कृत्रिम रबराचं असतं, त्याचे पूल झिंक आणि मॅग्नेशियमच्या ऑक्साइडांनी बांधतात. इपीडीएम हे दुसरं कृत्रिम रबर, त्याचे अनेकदा पेरॉक्साइडने. सिलिकोन पेरॉक्साइडने किंवा प्लॅटिनमच्या उत्प्रेरकाने. कशातच गंधक लागत नाही. घडतं काय ते म्हणा: साखळ्या एकमेकींना आडव्या बांधल्या जातात. 'आडबंध'.

शब्दखोड:
'आडबंध' चांगला आहे. पण मग पॉलिमरला बहुवारिक म्हणा, मोनोमरला एकवारिक. हे शब्द मराठीत आहेत, कोणी वापरत नाही एवढंच.

स्लॅबखाली:
लेटेक्सच्या कॅनवर 'स्टायरीन-ब्युटाडाईन बहुवारिक' छापलं तर कॅन दुकानातच राहील.

तर्जुमा:
मूळ अडचण तिसऱ्या प्रकरणाची आहे हो. दमट, मग कोरडं. हे असं का, तेच आधी नीट कळायला हवं.

पाझर:
कारण तिथे दोन कामं उलट दिशेने चालतात. सिमेंटला पाणी हवं. लेटेक्सचे कण पाण्यात तरंगत असतात. पाणी निघून गेलं की ते एकमेकांना खेटतात, चिकटतात आणि सिमेंटच्या छिद्रांत सलग पडदा तयार होतो. म्हणून आधी एक-दोन दिवस ओलं गोणपाट आणि वर प्लॅस्टिक, आणि नंतर सगळं उचलून हवेला उघडं. प्रयोगशाळेतल्या एका प्रचलित पद्धतीत २ दिवस दमट हवेत, ५ दिवस पाण्यात आणि २१ दिवस कोरड्या हवेत ठेवतात. सवयीने २८ दिवस पाण्यात बुडवून ठेवलं तर पडदा नीट जुळत नाही, आणि मग 'लेटेक्सने काही फरक पडला नाही' असा निष्कर्ष निघतो.

मापंही सांगतो, कारण अनुवादात 'लेटेक्स १५ टक्के' एवढंच उरतं. ते १५ टक्के म्हणजे कोरडा पॉलिमर, सिमेंटच्या वजनावर. ५० किलो सिमेंटला ७.५ किलो. लेटेक्समध्ये घन भाग ४८ टक्के असेल तर १५.६ किलो लेटेक्स ओतावं लागेल, आणि त्याबरोबर ८.१ किलो पाणी आपोआप आलं. पाणी-सिमेंट प्रमाण ०.३७ धरलं तर एकूण पाणी १८.५, वरून घालायचं फक्त १०.४ किलो, त्यातूनही वाळूतली ओल वजा. हे आठ किलो विसरले की माल पातळ होतो आणि दोष लेटेक्सवर जातो.

मिक्सर तीन मिनिटांच्या वर फिरवू नये. लेटेक्समधल्या साबणासारख्या द्रव्यांनी फेस धरतो, हवा अडकते, बळ उतरतं. फेसनाशक घातलेलं लेटेक्सच घ्यावं. आणि पसरल्यावर लगेच वरती साय धरते. साय धरल्यावर थापी फिरवली की ती फाटते, आणि त्याच रेघांवर पुढे चिरा दिसतात.

तेव्हा माझं मत: पहिल्या टप्प्याला 'ओल राखणे', दुसऱ्याला 'सुकू देणे'. 'क्युअरिंग'ला शब्द शोधूच नका, कृती लिहा.

शब्दखोड:
मग ती संज्ञा राहत नाही, वर्णन होतं.

पाझर:
कामावर वर्णनच लागतं.

तर्जुमा:
बरं, याच पुस्तिकेत शेवटी टिकाऊपणाच्या चाचण्या आहेत. 'रॅपिड क्लोराइड पर्मिएबिलिटी'ला 'जलद क्लोराइड पार्यता चाचणी' लिहिलं आहे. ठीक?

गाभाकटर:
मराठी ठीक आहे, मूळ नावच चुकलेलं आहे. त्या चाचणीत पार्यता (पाणी आरपार जाऊ देण्याचा गुण) मोजलीच जात नाही. एएसटीएम सी १२०२ या अमेरिकी मानकाचं अधिकृत शीर्षकही क्लोराइडच्या शिरकावाला काँक्रीट किती विरोध करतं याचा 'विद्युत निर्देश' अशाच अर्थाचं आहे.

काम असं: काँक्रीटमधून कापून काढलेल्या १०० मिलिमीटर व्यासाच्या गाभ्याची ५० मिलिमीटर जाडीची चकती कापायची, कडेला इपॉक्सी लावायचा. निर्वातात तीन तास कोरडी, मग निर्वात तसाच ठेवून पाणी सोडून आणखी एक तास, नंतर साधारण १८ तास पाण्यात. चकती दोन कप्प्यांच्या मध्ये बसवायची: ऋण टोकाकडे ३ टक्के मीठ, धन टोकाकडे ०.३ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड. ६० व्होल्ट, सहा तास, दर अर्ध्या तासाला प्रवाहाची नोंद. आलेखाखालचं क्षेत्रफळ म्हणजे वाहून गेलेला विद्युतभार, कूलॉममध्ये. सरासरी १०० मिलिअँपिअर आले तर ०.१ गुणिले २१,६०० सेकंद, म्हणजे २,१६०. मानकाचा मूळ व्यास ९५ मिलिमीटर, म्हणून १०० मिलिमीटरच्या चकतीचा आकडा ०.९०ने गुणायचा, अहवालांत हे बरेचदा राहून जातं. ४,०००च्या वर शिरकाव जास्त, २,००० ते ४,००० मध्यम, १,००० ते २,००० कमी, १०० ते १,००० फार कमी.

आता गंमत. हा विद्युतभार मुख्यतः छिद्रांतले हायड्रॉक्सिल आयन वाहतात, क्लोराइड नव्हे. कॅल्शियम नायट्राइट (सळईचा गंज रोखणारं द्रव्य) घातलेलं असेल तर आयन वाढतात आणि चांगलं काँक्रीटही नापास दिसतं. सिलिका फ्यूमने (सिलिकाची अतिसूक्ष्म पूड) हायड्रॉक्सिल घटतात, तेव्हा आकडा खऱ्या सुधारणेपेक्षाही जास्त खाली उतरतो. चकतीत लांबीच्या दिशेने सळईचा तुकडा आला तर चाचणी करूच नये. कच्च्या काँक्रीटमध्ये प्रवाह जास्त, त्याने द्रावण तापतं, तापलं की प्रवाह आणखी वाढतो. आणि दोन्ही द्रावणं चुकून उलटी भरली तरी मीटर आकडा दाखवतोच.

अवग्रह:
मग 'शिरकाव' घ्या. मराठीत या बाबतीत इंग्रजीपेक्षा बारकावा आहे. दाबाने पाणी आरपार येतं ते 'पाझरणं'. थेंबाथेंबाने आत उतरतं ते 'झिरपणं'. कोरडा पृष्ठभाग ओढून घेतो ते 'शोषणं'. आत शिरून तिथेच राहतं ते 'मुरणं'. पाच बार दाबाखाली ७२ तास ठेवून, नमुना चिरून पाणी किती खोल गेलं ते पाहतात, त्या चाचणीला 'पार्यता' म्हणू नका. पाणी पार जातच नाही.

गाभाकटर:
तीत 'झिरप-खोली' म्हणता येईल. पण दाब नसताना, नुसत्या संहतीच्या फरकाने आयन जातात त्याला 'विसरण'च हवं. तिथे 'झिरपणं' म्हटलं की वाचणाऱ्याला वाटेल पाणी वाहतंय. बुडालेल्या, पूर्ण भिजलेल्या खांबात पाणी जागचं हलत नाही, तरी क्लोराइड आत सरकतं.

शब्दखोड:
गंधकाकडे परत येतो. 'सल्फर' हे संस्कृत 'शुल्बारि'वरून, शुल्ब म्हणजे तांबं, त्याचा अरि. रबराच्या इतिहासाशी हे किती जुळतं पाहा.

अवग्रह:
लॅटिन शब्द तिथून आला याला आधार नाही. 'शुल्बारि' ही छान व्युत्पत्ती आहे, पण गंधकाच्या संस्कृत नावाची.

दोनरोलर:
व्युत्पत्ती काहीही असो, तांब्याचं वैर खरं आहे. व्हल्कनीकृत रबराचं आवरण असलेल्या तारांत तांब्यावर कथलाचा मुलामा देत, नाहीतर मोकळं गंधक तांबं काळं करतं आणि तांबं उलट रबर लवकर कुजवतं. पण टायरमधल्या पोलादी तारेवर मुद्दाम पितळेचा पातळ थर असतो. क्युअर होताना गंधक त्यातल्या तांब्याशी संयोग पावून कॉपर सल्फाइडचा थर करतं आणि रबर त्यालाच घट्ट धरतं. तो थर जाड झाला की ठिसूळ होतो आणि तार सुटते. अरि म्हणा की मित्र, जाडीवर ठरतं.

तर्जुमा:
आणखी एक अडलं आहे. लेटेक्सच्या साठवणीत 'गोठू देऊ नका' असं लिहिलं आहे. थंडीने गोठणं की आम्लाने गोठणं?

पाझर:
दोन्ही नको, पण तिथे थंडी अभिप्रेत असावी. शून्याखाली गेलं की बर्फाचे स्फटिक कणांना एकमेकांवर दाबतात, गुठळ्या होतात, आणि वितळवल्यावर त्या मोडत नाहीत. तो कॅन गेला.

दोनरोलर:
आम्लाने होतं त्याला 'साकळणे' म्हणा, रक्त साकळतं तसं. नैसर्गिक चीक फॉर्मिक आम्लाने पीएच पाचच्या आसपास आणून साकळवतात, आणि साकळू नये म्हणून अमोनिया घालतात.

शब्दखोड:
'साकळणे'ला माझी हरकत नाही. पण 'चीक' की 'लेटेक्स', ते एक ठरवा.

स्लॅबखाली:
झाडाचा तो चीक, कॅनमधलं ते लेटेक्स.

शब्दखोड:
आणि रबर? 'तो रबर' की 'ते रबर'? वरती सगळ्यांनी 'ते' लिहिलंय, पण खोडायला घेतला की तो 'तो' होतो.